‘काही फरक पडला का?’ स्वमग्न मुलाची प्रगती नेमकी मोजायची कशी?

माझ्या ताईकडे कुकर लावणं सोपं काम नाही. माझा भाचा साडेचार वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे, मराठीत ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो. कुकरची शिट्टी झाली की तो किंचाळायचा, जमिनीवर डोकं आपटायचा आणि पुढचा अर्धा तास कुणालाही जवळ येऊ द्यायचा नाही. जवळपास वर्षभर ताईने डाळ-भाताचा कुकर तो झोपल्यावरच लावला.

या पावसाळ्यात एका दुपारी ती विसरली. तो जागा असताना तिने कुकर चढवला. तो स्वयंपाकघरात आला, गॅसकडे पाहिलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवून ओट्याजवळ उभा राहिला. शिट्टी व्हायला अजून वेळ होता. पहिली शिट्टी झाली तेव्हा तो रडला, पण खाली बसला नाही. तिसऱ्या शिट्टीनंतर ताईने गॅस बंद केला, त्याने हात खाली घेतले आणि तो परत आपल्या गाड्यांकडे गेला.

संध्याकाळी आमच्या आत्याचा फोन आला. “काही फरक पडला का गं? बोलायला लागला का?” ताई म्हणाली, “नाही अजून.” मी तिथेच होते. फोन ठेवल्यावर मी विचारलं, दुपारचं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “काय सांगू? कानावर हात ठेवले म्हणून?”

दुपारी काय झालं होतं, ते जरा नीट पाहू. कुकर चढला की थोड्या वेळाने शिट्टी होते, हा क्रम त्याच्या लक्षात आला होता. ती व्हायच्या आधी आपल्याला त्रास होणार हे त्याला कळलं होतं. आणि त्यावर त्याने स्वतःच उपाय शोधला होता. साडेचार वर्षांच्या कुठल्याही मुलासाठी हे किरकोळ असेल. वर्षभर त्याच आवाजाने कोलमडणाऱ्या मुलासाठी हा मोठा टप्पा होता. पण “बोलायला लागला का?” या प्रश्नाच्या उत्तरात तो बसत नव्हता.

स्वमग्न मुलाची प्रगती कशी मोजायची, हा प्रश्न फक्त एका घरापुरता नाही. थेरपीवर पैसे कशासाठी खर्च करायचे, सरकारी प्रमाणपत्रात काय लिहिलं जाणार, ‘तीन महिन्यांत मूल बोलेल’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा का, हे सगळं शेवटी या एका प्रश्नापाशी येतं.

बातम्या कारणांच्या, घर मात्र दिवसांचं

स्वमग्नतेच्या बातम्या वर्षातून दोन-तीनदाच येतात. २ एप्रिलला जागतिक जागरूकता दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये तसा ठराव केला होता. त्या दिवशी इमारतींवर निळे दिवे लागतात. एरवी बातमी असते ती बहुतेक कारणांची. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी गरोदरपणात घेतलेल्या टायलेनॉलचा, म्हणजे आपल्याकडच्या पॅरासिटामॉलचा, ऑटिझमशी संबंध जोडला. असा संबंध दाखवणारे पुरावे सुसंगत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने लगेच स्पष्ट केलं. पण तोवर मेसेज फिरले होते. ताईला एका नातेवाईक बाईंनी विचारलंच, “तू तापात गोळी घेतली होतीस ना गं?”

आईकडे बोट दाखवायची ही सवय जुनी आहे. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली. पुढची काही दशकं ‘आई थंड वागते म्हणून मूल असं होतं’ ही कल्पना जोरात होती. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात तीच मांडली. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने मूळ कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे असं पुस्तक लिहून सांगितलं होतं. रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आज आईच्या स्वभावाची ती कल्पना शास्त्रात शिल्लक नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे बऱ्यापैकी स्पष्ट झालंय.

भारतात किती मुलं? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली होती. त्यातलं एक ठिकाण उत्तर गोवा होतं. त्यात स्वमग्नतेचं प्रमाण साधारण शंभरात एक असं निघालं. म्हणजे तुमच्या ओळखीत असं एखादं घर असणारच, तुम्हाला माहीत असो वा नसो.

‘दे’ आणि ‘बघ’ यात फरक काय?

‘स्वमग्न’ हा शब्द मला व्यक्तिशः फारसा पटत नाही. स्वतःत बुडालेला, बाहेरच्यांची गरज नसलेला असा अर्थ त्यातून डोकावतो. ताईच्या घरी चार दिवस राहिलात तर लक्षात येईल की मुलाला माणसं हवी असतात, त्यांच्यापर्यंत पोचायची वाट त्याला सापडत नसते. दुसरा शब्द रुळलेला नाही म्हणून हाच वापरतेय.

भाचा दोन वर्षांचा होता तेव्हा बिस्कीट हवं असलं की ताईचा हात मनगटाला धरून डब्यावर नेऊन ठेवायचा. चेहऱ्याकडे बघायचा नाही. हात म्हणजे जणू चिमटा. हे मागणं होतं, ‘दे’. साधारण एक वर्षाचं झालं की बहुतेक मुलं आणखी एक गोष्ट करतात. रस्त्यावरून म्हैस चालली की बोट दाखवतात आणि वळून आईकडे पाहतात. त्यांना म्हैस नको असते. ‘मी बघितली, तूही बघ’ एवढंच सांगायचं असतं. स्वमग्न मुलांत हे ‘बघ’ उशिरा येतं किंवा वेगळ्या रूपात येतं. म्हणूनच १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एम-चॅट या २० प्रश्नांच्या चाचणीत हा प्रश्न असतोच: मूल तुम्हाला काहीतरी मजेशीर दाखवण्यासाठी बोट करतं का?

आता याच मोजपट्टीने प्रगती पाहा. आधी हात ओढून डब्यापाशी नेणं. मग हात ओढताना एकदा चेहऱ्याकडे पाहणं. मग डबा स्वतः उचलून आईकडे आणून देणं. मग लांबूनच डब्याकडे बोट. या चार पायऱ्यांना ताईकडे दीड वर्ष लागलं. या पूर्ण काळात तो ‘बिस्कीट’ हा शब्द एकदाही बोलला नाही. फोनवर विचारणाऱ्याला दीड वर्ष एकच उत्तर मिळत होतं: “नाही अजून.”

शब्द आल्यावरही गोंधळ संपत नाही. भाचा आता काही शब्द बोलतो. ताईने “पाणी हवं?” विचारलं की तोही म्हणतो, “पाणी हवं?” अगदी तिच्याच सुरात, प्रश्नचिन्हासकट. याला इकोलालिया म्हणतात, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं. हे पोपटपंची आहे, ते बंद करा, असं पूर्वी सांगितलं जायचं. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकान यांनी १९८१ मध्ये अशा मुलांच्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा दिसलं की हे पुन्हा म्हणणं बऱ्याचदा हेतूने असतं: होकार द्यायला, मागायला, आपली बोलायची पाळी घ्यायला. भाच्याचं “पाणी हवं?” म्हणजे “हो, दे” असतं. तहान नसेल तेव्हा तो ते म्हणत नाही, निघून जातो. घरच्यांना हे कळायला तीन आठवडे लागले. बाहेरच्याला अर्ध्या तासाच्या भेटीत ते कसं कळणार?

गोव्यातल्या व्हिडिओंनी काय दाखवलं?

घरातल्या या बारीक गोष्टींना शास्त्रात किंमत आहे का? आहे, आणि त्याचा एक चांगला पुरावा आपल्या शेजारीच तयार झालाय.

ब्रिटनमध्ये जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी ‘पॅक्ट’ नावाची पद्धत तयार केली होती. कल्पना साधी आहे. आई किंवा बाबा मुलासोबत खेळतात, त्याचा छोटा व्हिडिओ काढतात. मग थेरपिस्ट आणि पालक तो एकत्र बघतात. मुलाने कुठे हात पुढे केला, कुठे नजर टाकली, कुठे आवाज काढला, आणि तेव्हा पालकांनी काय केलं? मुलाचं लक्ष जिथे आहे तिथे पालकांनी जायचं, थांबायचं, त्याला पाळी द्यायची. सारखं “हे काय आहे? सांग, सांग” करायचं नाही.

गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतले संशोधक यांनी हीच पद्धत आपल्याकडच्या घरांसाठी बदलून घेतली. तज्ज्ञ थेरपिस्ट आपल्याकडे मोजके, म्हणून हे काम त्यांनी प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांकडून करून घेतलं. सहा महिने, १२ सत्रं, २ ते ९ वर्षांची ६५ मुलं. निम्म्या मुलांना ही मदत मिळाली, निम्म्यांना नेहमीचे उपचार. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त निकाल छापून आले. मदत मिळालेल्या घरांत पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. एक गोष्ट उलटी गेली: दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ वाढला नाही, थोडा कमीच भरला. अभ्यासही लहान होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

पण त्यांनी काय मोजलं ते पाहा. मूल किती शब्द बोलतं यावर सगळा भर नव्हता. मूल किती वेळा आपणहून समोरच्यापर्यंत पोचतं, हे मोजलं. ब्रिटनमधल्या मूळ अभ्यासातली मुलं सुमारे सहा वर्षांनी पुन्हा तपासली, तेव्हाही मदत मिळालेल्या गटात लक्षणांची तीव्रता कमी होती. सुरुवातीच्या, २०१० च्या निकालात लक्षणांमधला फरक ठळक नव्हता. म्हणजे आधी बदलली ती देवाणघेवाण, बाकीचं बऱ्याच उशिरा दिसलं. त्या मधल्या काळात कुणी “काही फरक पडला का?” विचारलं असतं, तर काय उत्तर मिळालं असतं?

सरकारी कागद उलटं मोजतो

ताईकडे दोन वह्या आहेत. एक घरची, कुकरवाली. दुसरी फाइल आहे, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यातला एक. प्रमाणपत्रासाठी भारतातच तयार झालेली आयएसएए ही मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. नजरेला नजर देत नाही, एकटाच राहतो, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतो, असे सगळे मुद्दे अडचणींचे. एकूण ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. जितका त्रास जास्त, तितके गुण जास्त.

अडचणी मोजणं चुकीचं नाही. मदत कुणाला किती द्यायची हे कशावरून तरी ठरवावंच लागेल. या कागदावर बरंच काही अवलंबून असतं. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि त्यात थेरपीही येते. जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची वजावट आहे, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १ लाख २५ हजारांची. पण तपासणीच्या दिवशी आईच्या मनावर काय होतं, याचा विचार कुणी केलेला नाही. ताई सांगत होती, “तिथे बसले होते आणि मनात येत होतं, आज याने नेमकं शहाण्यासारखं वागू नये.” त्या दिवशी भाचा खरंच शांत बसला. समोरच्या बाईंना त्याने पेन उचलून दिलं. एरवी तिने ते वहीत लिहिलं असतं. तिथे तिचा जीव खाली-वर होत होता.

तपासणीपर्यंत पोचणंही सोपं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि शंका आली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे ‘डीईआयसी’कडे पाठवणं, ही रचना कागदावर चांगली आहे. तुमच्या घरात शंका असेल तर सुरुवात तिथूनच करा, तिथे पैसे लागत नाहीत. पण दर आठवड्याला जिल्ह्याच्या गावी मूल घेऊन एसटीने जायचं म्हणजे काय, हे ताईला विचारा. भाऊजींची रजा, गर्दी, आणि हॉर्नला घाबरणारं मूल.

‘९० दिवसांत बोलू लागला’

ही पोकळी रील्सनी भरून काढली आहे. कुणी आहार विकतं, कुणी तेल, कुणी लाखोंच्या स्टेम सेल थेरपीचं पॅकेज. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्दही मराठी रील्समध्ये सर्रास दिसतो: मोबाइल दिल्यामुळे झालेला, मोबाइल काढला की बरा होणारा. असं कुठलंही अधिकृत निदान अस्तित्वात नाही. लहान मुलांना स्क्रीन कमी द्यावा हे खरंच आहे, कारण त्याने बोलण्याची देवाणघेवाण कमी होते. पण त्यावरून आईला आरोपी करणं म्हणजे जुन्या ‘थंड आई’ची नवी आवृत्ती काढणं. आणि स्टेम सेलबद्दल सांगायचं तर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारसयोग्य नाही असं म्हटलंय.

मग त्या व्हिडिओतली मुलं बोलायला कशी लागली? २०१३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चौथ्या वर्षीही ज्यांचं बोलणं फार मागे होतं अशा ५३५ स्वमग्न मुलांची माहिती त्यात होती. त्यातली सुमारे ७० टक्के मुलं पुढे छोटी वाक्यं बोलू लागली आणि जवळपास निम्मी अस्खलित बोलू लागली. म्हणजे चार-साडेचारला न बोलणाऱ्या मुलांच्या मोठ्या गटाला तुम्ही काहीही विकलंत, तरी त्यातली बरीच मुलं काही वर्षांत बोलतील. विकणाऱ्याला आयता व्हिडिओ मिळेल. जी बोलणार नाहीत त्यांचा व्हिडिओ कुणी टाकत नाही.

सगळाच बदल प्रगती नसतो

एका थेरपी सेंटरच्या अहवालात भाच्याबद्दल लिहून आलं होतं: हात फडफडवणं बंद, प्रगती समाधानकारक. त्याच महिन्यात घरी त्याने शर्टाची कॉलर चावायला सुरुवात केली होती, पार भोकं पडेपर्यंत. हात फडफडवून तो ताण बाहेर काढत होता. तिथे दर वेळी हात धरून खाली करत होते, म्हणून तो दुसरीकडून निघाला. ताईने ते सेंटर सोडलं. नजरेला नजर देण्याच्या सक्तीबद्दलही मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक हेच सांगतात: डोळ्यांत बघायला लावलं की ऐकू येणं बंद होतं. दिसायला मूल ‘नॉर्मल’ झालं आणि आतून थकलं, तर ती प्रगती कुणाच्या सोयीची?

आणि प्रगती सरळ रेषेत जात नाही. गणपतीत आमच्या गल्लीत दहा दिवस ढोल-ताशे होते. विसर्जनानंतर भाचा पुन्हा कुकरला किंचाळायला लागला, दोन आठवडे. ताप, शाळेची सुट्टी, घर बदलणं, काहीही पुरतं. वही असल्याचा खरा फायदा ताईला तेव्हा झाला. जुलैची पानं उघडून तिने पाहिलं की हे त्याला एकदा जमलेलं आहे.

वही कशी लिहायची, असं मला काही जणींनी विचारलंय. ताई ‘छान वागला’, ‘त्रास दिला’ असं लिहीत नाही. काय झालं, त्याच्या आधी काय झालं होतं आणि कुणी मदत केली का, एवढंच. दोन-तीन ओळी, रोज नाही. महिन्यातून एकदा एक मिनिटाचा व्हिडिओ, त्याच खेळण्यासोबत. डॉक्टरांकडे किंवा थेरपिस्टकडे हे घेऊन जा. ज्यांनी ते न बघता बाजूला सारलं, त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. आणि स्पेशल एज्युकेटरची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

एक गोष्ट मात्र खटकते. वही ताईच लिहिते. व्हिडिओ तीच काढते, एसटीने तीच जाते, नोकरी तिनेच सोडली. गोव्याच्या अभ्यासातून ‘पालकच उत्तम थेरपिस्ट’ असा सोयीस्कर अर्थ काढला, तर सरकारचं काम आणखी एका आईच्या डोक्यावर जाईल. त्या अभ्यासातही प्रशिक्षित माणूस सहा महिने घरी येत होता. आपल्याकडे असं कोण येतं?

दिवाळीत आत्या चार दिवस ताईकडे राहिली. निघायच्या दिवशी तिने पिशवी भरायला घेतली, तर भाचा दाराजवळ गेला आणि चपला उचलून तिच्यासमोर आणून ठेवल्या. आत्या हसून म्हणाली, “बघा, मला घालवायला निघालाय!” सगळे हसले. ताईने वही काढली आणि तारीख टाकून लिहिलं: पिशवी पाहून चपला आणल्या. दारात सहा जोड होते. आत्याच्याच आणल्या.